एकोणीस एकांचा भाजक

आमच्या घोडेगावच्या घरात दिवेलागणीला परवचा व्हायचा, आणि मी दहावीत गेले तरी तो बंद झाला नव्हता. शुभंकरोती झाली की तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी. नाना, म्हणजे आमचे वडील, हायस्कुलात गणित शिकवत. ते ओट्यावर लाकडी खुर्चीत बसत, मी उंबऱ्याशी, आणि आई आत चुलीपुढे. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरायला लागला की पाढा ओरडून म्हणावा लागे. वीज गेली की गिरणी थांबे, माझा आवाज एकदम मोठा वाटे आणि एसटी स्टँडवरून डोंगरातल्या गावांच्या गाड्यांची नावं ऐकू येत. आईचं माहेर तिकडचं. तिच्या हाताला नाचणीच्या भाकरीची आणि हुलग्याच्या माडग्याची सवय होती, आणि घोडेगावात इतकी वर्षं काढूनही तिची बोली बदलली नव्हती. नाना घरीही शाळेतल्यासारखं बोलत. मी दोन्ही बोलायला शिकले, पुढे नोकरीत फक्त एकच वापरली.

विलास माझा थोरला भाऊ. बारावीला त्याचं नाव शाळेच्या फळ्यावर रंगाने लिहिलं होतं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एका दुपारी परत आला. काय झालं ते त्याने तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. मी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर केली. कारण नसलेली घटना लिहायला मला अवघड जाते. पण इथे कारण माझ्याजवळ नाही, म्हणून ते लिहीत नाही. तो माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राही. ताट ठेवलं तर जेवे, नाही ठेवलं तर मागत नसे. मंचरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. आईच्या माहेरून अंगारा आला. नानांनी कॉलेजला कळवून त्याची जागा पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवली होती. त्यानंतर जागा जाणार होती, आणि घरात एवढं एकच ठरायचं होतं: तो परत जाणार की नाही. हा विषय कुणी तोंडाने काढत नसे.

एका संध्याकाळी पाढे संपल्यावर नानांनी मला खेळ घातला. नुसते एक शेजारी शेजारी मांडत जायचं आणि तो आकडा कशाने मोडतो ते बघायचं. मोडतो म्हणजे बाकी न उरता भागला जातो. जो एक आणि स्वतः यांशिवाय कशानेच मोडत नाही, तो मूळ आकडा.

"अकरा?" नाना म्हणाले.

"न्हाई मोडत."

"नाही मोडत, म्हण. तीन एक?"

"तिनानं. तीन सदतीस एकशे अकरा."

"चार एक अकराने मोडणार, सहा एकही मोडणार, कारण चार आणि सहा हेच मुळात मोडतात. ते सोड. पाच एक?"

पाटीवर बराच वेळ घालवून मी एक्केचाळीस शोधला. सात एकांना दोनशे एकोणचाळीस लागतो, तो नानांनीच सांगितला. अकरा एकांनाही आहे, म्हणाले, पण तो मोठा आहे. "आणि तेरा एक?"

मी पाटी पुसत होते. माजघरातून आवाज आला, "त्रेपन्न."

आईच्या उलथन्याचा आवाज थांबला. कित्येक दिवसांनी आम्ही विलासचा आवाज ऐकत होतो.

"त्रेपन्ननं जातो," तो आतून म्हणाला. "मग उरलेला एकोणऐंशीनं."

नाना उठून आत गेले नाहीत. त्यांनी वर्गात शेवटच्या बाकाला विचारावं तसं विचारलं, "आणि एकोणीस एक?"

आतून उत्तर आलं, "बघावं लागेल."

सतरा सोडून नाना एकोणीसवर का गेले, हे मी त्यांना पुढे विचारलं होतं. विलासचं वय एकोणीस होतं, तेच तोंडात आलं, असं ते म्हणाले. सतरा एकांना भाजक आहे. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. हाताने भागत तिथवर पोचायला माणसाला अर्धं आयुष्य लागेल, पण तो आहे. एकोणीस एकांना भाजक नाही. तो मूळ आकडा आहे, आणि हे फार पूर्वी सिद्ध झालेलं आहे. आज माझ्या फोनला विचारलं तर उत्तर बोट उचलायच्या आत येतं. घोडेगावात आमच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. तीन मोडले, पाच मोडले, सात, अकरा, तेरा मोडले, तेव्हा एकोणीसही मोडणार, असं नानांना वाटलं. जुनी उदाहरणं मांडून पुढचं ताडायचं, ही चूक मी नंतर संपादकांनाही करताना पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून विलास उठून बसू लागला. शाळेतल्या जुन्या पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका नाना आणत, त्यांवर तो भागाकार मांडी. सरसकट सगळ्या आकड्यांनी भागायची गरज नाही, हे त्याने पहिल्याच आठवड्यात नानांना दाखवलं. एकोणीस एकांना भाजक असलाच, तर त्याला अडतीसने भागल्यावर एकच उरला पाहिजे. म्हणून एकशे एक्याण्णव, दोनशे एकोणतीस, चारशे एकोणीस, चारशे सत्तावन्न, अशा उड्या घेत जायचं, आणि मध्ये येणारे मोडके आकडे गाळायचे. नानांना याचा झालेला आनंद मला आजही दिसतो. परवचा आता दोघांचा झाला. मी पाढे म्हणे, मग विलास दिवसभरातल्या भाजकांच्या बाक्या वाचून दाखवी, आणि प्रत्येक बाकीनंतर नाना म्हणत, "पुढे." चुलीवर भाकरी फुगे, गिरणीचा पट्टा फिरे, आणि बाक्या चालू असत. शून्य कधी येत नसे.

आईला यातलं काही कळत नव्हतं, पण ती रोज वाढताना विचारी, "आज काय उरलं?" जणू भाताबद्दल विचारावं. एकदा तिने धीर करून पुढचं विचारलं. "मंग पुण्याला कवा जायचं रं, बाळा?"

विलास भात कालवत होता. "एकोणीस एकांचा भाजक सापडला की," तो म्हणाला.

आईने नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली. त्या दिवसापासून घरात तीच अट झाली, आणि आईने ती नवसासारखी धरली. कुणी पाव्हणा विलासची चौकशी करू लागला की ती सांगे, "त्याचं एक गणित चाललंया. त्ये सुटलं की निघाला."

तिचा भाऊ, आमचा बबनमामा, हिरड्याच्या दिवसांत हिरडा विकायला घोडेगावात येई आणि मुक्कामाला आमच्याकडे असे. अंगाला हिरड्याचा तुरट वास, पिशवीत आमच्यासाठी वरई. त्या वर्षी त्याने विलाससमोरचे कागद पाहिले, आणि त्यावर ओळीने उभे असलेले एक.

"ह्यो काय मोर्चा निघालाय का रं?" तो म्हणाला. "समदे येकाच मापाचे."

"मामा, याला कशानं तरी भागायचंय."

"भागून?"

"बाकी उरता कामा नये."

"आरं मंग येकानंच भाग की. रिकामा व्हशील."

विलास हसला. पुण्याहून आल्यावर मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच. मामाला आपण काय केलं ते कळलं नाही. तो आईला म्हणाला, "ताई, प्वार बरं हाय गं. तुमी उगं घोर लावून घेतलाय." आणि त्याने चहा बशीत ओतला.

आता नवाच्या ताळ्याबद्दल सांगायला हवं. गुणाकार किंवा भागाकार बरोबर आला की नाही हे पडताळायची ही जुनी रीत, आणि नानांची ती ओळखच होती. आकड्यातले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. तो त्या आकड्याचा ताळा. भाजकाचा ताळा आणि भागाकाराचा ताळा गुणायचे, त्यात बाकी मिळवायची. येणाऱ्या आकड्याचा ताळा मूळ आकड्याच्या ताळ्याशी जुळला पाहिजे. तालुक्यातली दुकानदारांची, तलाठ्यांची, सोसायटीतल्या कारकुनांची एक अख्खी पिढी नानांनी या ताळ्यावर तयार केली होती. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला तर तो नमस्कार करून विचारी, "सर, ताळा जुळतोय ना?" आणि नाना म्हणत, "जुळतोय." घरात भागाकार परत करून पाहण्याची पद्धतच नव्हती. ताळा जुळला की कागद बाजूला.

उसाचा हंगाम सुरू होता, पारगावच्या कारखान्याकडे गाड्या चालल्या होत्या. त्या संध्याकाळी विलासने बाक्या वाचल्या, आणि शेवटची वाचताना तो थांबला. मग म्हणाला, "शून्य."

नाना म्हणाले, "पुढे," आणि मग त्यांना कळलं.

ते खुर्चीतून उठले. भाजक पाच आकडी होता. तो इथे देत नाही. दुरुस्ती छापतानासुद्धा चुकीचा आकडा परत छापायचा नाही, ही आमच्या डेस्कची रीत होती. त्याचा ताळा सात. भागाकाराचा ताळा चार. सात चोक अठ्ठावीस, दोन आणि आठ दहा, एक आणि शून्य एक. एकोणीस एकांची बेरीज एकोणीस, एक आणि नऊ दहा, म्हणजे एकच. नानांनी ताळा पुन्हा केला, माझ्याकडून करून घेतला, आणि आईलाही सांगितला, जिला सात चोक एवढंच त्यातलं कळलं. "जुळला," ते म्हणाले. त्यांनी विलासच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे वडील मुलांना हात लावत नसत.

"आता जायचं न्हवं?" आई म्हणाली.

"हो," विलास म्हणाला. "सोमवारी निघतो."

नानांना आधी जुन्नरला जायचं होतं. तिथल्या कॉलेजात त्यांचा जुना विद्यार्थी मोहन गणित शिकवायला होता. त्याने बघावं, दोन ओळी लिहून द्याव्यात, म्हणजे विलास परत गेल्यावर पुण्याच्या प्राध्यापकांना दाखवता येईल. कॉलेज सोडून घरी बसलेला मुलगा मधल्या काळात काय करत होता, याला उत्तर मिळेल. मलाही बरोबर घेतलं. आई म्हणाली, "लेण्याद्रीला जाऊन या. नारळ ठिवा." शिवाय संध्याकाळी मासवड्या करते, असं तिने जाहीर केलं. मासवडीचा घाट मोठा, तीळ-खोबरं भाजा, सारण कुटा, बेसन शिजवून कापडावर थापा. ती एरवी सणालाच होई.

विलासने दाढी केली होती. मंचरला गाडी बदलली, पुढे उसाच्या बैलगाड्यांमागे गाडी रखडली. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "कुठं निघालं, पावणं?"

"जुन्नरला. काम आहे," विलास म्हणाला. मग आपणहून म्हणाला, "सोमवारी पुण्याला जातोय. कॉलेजात आहे."

नाना खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी ते ऐकलं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

मोहनसरांनी नानांच्या पाया पडून त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं. नानांनी कागद पुढे केला. एकोणीस एक पाहताच सरांचा चेहरा बदलला. मला तेव्हा वाटलं, ते प्रभावित झाले. त्यांना उत्तर माहीत होतं, हे त्या खोलीत आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"ताळा केलाय," नाना म्हणाले. "एक येतो."

"हो सर. ताळा बरोबरच असणार." त्यांनी कागद थोडा वेळ हातात ठेवला. "मी फक्त एकदा गुणून बघतो. सवय म्हणून."

ते फळ्याकडे गेले आणि भाजकाने भागाकाराला गुणू लागले. खडूचा आवाज येत होता. बेरीज उजवीकडून उतरू लागली. एक. एक. एक. विलास उभा राहिला. पुन्हा एक, पुन्हा एक. मी बोटांवर एक मोजत होते, कारण माझ्या मते ते सिद्ध होत होतं. मग खडू थांबला, आणि मोहनसरांनी एकाच्या डाव्या हाताला शून्य लिहिलं. त्याच्या डावीकडे दोन. त्यापुढे परत शेवटपर्यंत एक.

एकोणीस अंक होते. सतरा एक, एक दोन, एक शून्य. बेरीज एकोणीसच. भागाकाराच्या एका पायरीवर विलासने पंचेचाळीसच्या जागी चोपन्न उतरवले होते. अंकांची अदलाबदल झाली तर ताळ्याला ती दिसत नाही, कारण बेरीज तीच राहते. नाना फळ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. ते अंक मिळवत होते.

"चूक कुणाचीही होते, सर," मोहनसर म्हणाले.

"ठीक आहे," नाना म्हणाले. "पुढचा भाजक बघू. विलास, पुढे."

मोहनसरांनी खडू ठेवला. "सर, याला भाजक नाही. मूळ आकडा आहे हा. पुस्तकात आहे."

"कुणी भागून पाहिलंय?"

"भागावं लागत नाही. भाजक न शोधताही ठरवता येतं. दुसऱ्या आकड्याचे घात याने भागत जायचे, बाक्या कशा येतात ते बघायचं. त्यावरून सिद्ध होतं."

विलासने विचारलं, "म्हणजे मी शेवटपर्यंत गेलो असतो, तरी?"

"तरी."

"रोज गेलो असतो तरी."

मोहनसर भले गृहस्थ होते. काही तरी द्यावं म्हणून त्यांनी त्याला त्या आकड्याचा गुण सांगितला. एकाला या आकड्याने भागत गेलं, तर दशांश चिन्हापुढे अठरा शून्यं येतात आणि एक नऊ, परत अठरा शून्यं आणि नऊ, असं कायम. ज्याचा दशांश एकोणीस घरांनी फिरतो, असा दुसरा मूळ आकडाच नाही. "हा एकटाच," ते म्हणाले. "तू निवडलेला आकडा साधा नव्हता."

"एकटाच?" विलासने विचारलं. त्याने ते लक्षपूर्वक ऐकलं. फळ्यावरचा दोन आणि शून्य त्याने स्वतः हाताने पुसले, बाकीचं तसंच राहू दिलं.

लेण्याद्रीला आम्ही गेलो नाही. नानांच्या हातात नारळाची पिशवी होती, आणि ती तशीच घेऊन ते नारायणगावच्या गाडीत बसले. नानांनी त्यानंतरही निवृत्तीपर्यंत ताळा शिकवला, पण शेवटी एक वाक्य जोडू लागले. ताळा जुळला नाही तर चूक आहे हे नक्की कळतं, जुळला तर काहीच कळत नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे वाक्य माहीत नाही. ते रस्त्यात तोच प्रश्न विचारत, आणि नाना तेच उत्तर देत.

घरी मासवड्यांचा रस्सा उकळत होता. आईने दारातच विचारलं, "झालं का? लिवून दिलं का?"

नाना पाय धुवायला मागे गेले. विलास चुलीजवळ पाटावर बसला, आणि आईशी बोलला ते पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात.

"आई, याला भाजकच नाही. जगात कुठंच नाही. मोहनसरांनी दाखवलं."

"मंग?"

"मग काय. आता कुणी विचारू नका."

"म्हंजे सोमवारी?"

"भाजक सापडला की, असं ठरलं होतं ना," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. त्याच्यावरचं काही तरी उतरलं होतं. आकडा सुटला असता तर त्याला जावं लागलं असतं. आता जाण्याचा प्रश्न कायमचा मिटला होता, तोही पुस्तकाच्या आधाराने. "वाढ. भूक लागलीय."

तो पोटभर जेवला. रस्सा दोनदा मागून घेतला, मासवडी छान झाली असं म्हणाला. नाना पानावर बसून भाकरीचे तुकडे करत राहिले, खाल्ले किती ते आठवत नाही. त्यांनी एकदा तोंड उघडलं, अट बदलता येईल, असं काही म्हणायचं असावं. मग मिटलं. अट मान हलवून त्यांनीच मान्य केली होती, आणि ती चुकीची होती हे फळ्यावर सिद्ध झालेलं नव्हतं.

विलास आजही त्याच घरात राहतो. तब्येत बरी आहे. मी गेले की स्टँडवर घ्यायला येतो, पुढे कुठे येत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आई माजघरात गेली. थोड्या वेळाने मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तेव्हा ती जमिनीवर बसली होती. आम्ही जुन्नरला गेलो होतो तेवढ्यात तिने विलासची बॅग भरून ठेवली होती. आता ती एकेक कपडा काढून परत खुंटीला लावत होती. तळाशी कागदात गुंडाळलेला नवा शर्ट निघाला, टाचण्या लावलेला. तिने तो कधी आणला हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिने तो गुडघ्यावर पसरला, खांद्याचं माप वितीने घेतलं आणि मला विचारलं, "शालन, तुज्या नानांस्नी व्हईल का गं ह्यो?"